अनुशेष, महागाई आणि राज्याची तिजोरी: महाराष्ट्राच्या प्रादेशिक विकासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेलेच येतात. वर्गात येतात, स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून येतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या निवृत्त तलाठ्याकडूनही येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. पहिला प्रश्न वाटेल किरकोळ, पण त्यातली एक गोष्ट पुढे सारखी लागणार आहे, म्हणून तो वगळू नका.

पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो कशासाठी?

पगारपत्रक काढून पाहा. अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला लाखो माणसे उतरली. त्या कामांना कायमच्या हमीचे रूप द्यावे असा आग्रह विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी धरला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा आणायचा शहरातल्या नोकरदाराच्या आणि व्यावसायिकाच्या खिशातून, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपली घालायची. मुंबईतल्या कारकुनाने बीडच्या मजुराच्या मजुरीला हातभार लावायचा, अशी ही रचना. प्रादेशिक समतोलासाठी करआकारणी कशी वापरावी, याचा इतका सरळ नमुना देशात क्वचितच सापडेल.

आता त्यातली मेख. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला वरची मर्यादा घातली आहे. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० केली, आणि तिथेच ती थांबली. तेव्हापासून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दहापटींहून जास्त चढला. कागदावर कर तोच राहिला, पण त्याच्यातली ताकद दहाव्या हिश्शाहूनही कमी उरली. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना या करातून सूट मिळाली, ती वेगळी.

रुपयात ठरवलेली गोष्ट शिळी होते, हे इथे लक्षात ठेवा.

अनुशेष म्हणजे नेमके काय? नुसते 'मागासलेपण' का म्हणत नाहीत?

कारण अनुशेषात हिशोब आहे. मागासलेपणाची तक्रार करता येते, अनुशेषाची वसुली मागता येते. कुणाच्या तरी नावावर बाकी निघते आहे आणि ती चुकती व्हायला हवी, असा त्या शब्दाचा सूर आहे.

याचे मूळ राज्य जन्मण्याच्या आधीचे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा आणि दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात, असे शब्द दिले. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटलेला मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला, तरी करारात त्याच्या विकासाची खास दखल होती. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. अधिवेशनाचा शब्द पाळला गेला. हिवाळ्यात नागपूरच्या हॉटेलांना खोल्या पुरत नाहीत, एवढ्यावरून ते कळतेच. निधीच्या शब्दाचे काय झाले ते पाहायला पुढचा प्रश्न.

दांडेकर समितीने हा हिशोब कसा मांडला?

१९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. १९३० साली स्थापन झालेल्या आणि धनंजयराव गाडगीळांनी घडवलेल्या या संस्थेत गावोगाव फिरून आकडे गोळा करायची परंपरा होती. दांडेकरांनीच नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचे गाजलेले मोजमाप केले होते. थोडक्यात, मोजणे हा त्यांचा पिंड.

पद्धत दिसायला सोपी. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घ्यायची. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला किती खर्च येईल ते रुपयांत मांडायचे. जो जिल्हा वर, त्याची तूट शून्य. त्याच्या खात्यातून काही काढून घ्यायचे नाही.

सिंचनात एक सुरेख बारकावा होता. एक हेक्टर उसाला लागणारे पाणी आणि एक हेक्टर रब्बी ज्वारीला लागणारे पाणी यांची तुलनाच होत नाही. म्हणून सगळे सिंचन 'रब्बी समतुल्य' हेक्टरांत बदलून मग तुलना केली. तसे केले नसते तर पाण्याचा खरा वाटा कुणाकडे किती जातो, ते उसाच्या फडाआड झाकून गेले असते.

बेरीज आली ३,१८६.७७ कोटी रुपये. त्यात विदर्भ ३९.१२ टक्के, मराठवाडा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्र ३७.३२ टक्के. शेवटचा आकडा ऐकून अनेक जण चमकतात. पण घटक जिल्हा असल्यामुळे पश्चिमेकडचेही सरासरीखालचे जिल्हे हिशोबात आले. माझ्या मते ही त्या अहवालाची सर्वांत प्रामाणिक बाजू होती, आणि राजकारणात सर्वांत गैरसोयीची.

१९८४ मध्ये ३,१८७ कोटी आणि १९९४ मध्ये १४,००७ कोटी. दहा वर्षांत मागासलेपण चौपट झाले का?

हा माझा आवडता प्रश्न. १९९४ साली विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने मोजणी केली आणि १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी धरला गेला. यात विदर्भाचे ६,६२४ कोटी, मराठवाड्याचे ४,००५ कोटी आणि बाकी उर्वरित महाराष्ट्राचे.

आता पाटीवर हिशोब करू. १९८३-८४ मध्ये घाऊक किंमत निर्देशांक ११२.८ होता, १९९३-९४ मध्ये २४७.८. म्हणजे किमती साधारण २.२ पट झाल्या. जुने ३,१८७ कोटी नव्या किमतीत नुसते बदलून घेतले तरी जवळपास ७,००० कोटी होतात. वाढलेल्या आकड्यातला मोठा हिस्सा असा निव्वळ भाववाढीचा निघतो. एक वीटही इकडची तिकडे न होता बाकी दुप्पट दिसू लागते. सिमेंट, लोखंड, मजुरी यांचे भाव घाऊक निर्देशांकाच्या पावलावर पाऊल ठेवून चालत नाहीत, त्यामुळे हा अंदाज ढोबळच समजा.

उरलेल्या वाढीची कारणे दोन. पहिले, सरासरी सरकते. दहा वर्षांत पुणे-नाशिकनेही रस्ते बांधले, दवाखाने काढले. दारावर पोराच्या उंचीची खूण करावी आणि पोरगे वाढत असताना कुणी ती खूणही वर सरकवत न्यावी, तसे. दुसरे कारण, मोजण्याचे निकष बदलले की बाकीही बदलते.

इथून पुढे कुणी भाषणात अनुशेषाचा आकडा फेकला तर एवढेच विचारा: कोणत्या वर्षाच्या किमतीत? बहुतेकदा वक्ता पाणी पितो.

मग रुपयांत न मोजता कशात मोजावे?

हेक्टरांत, किलोमीटरांत, खाटांत, वर्गखोल्यांत. रुपया हा खर्चाचा पुरावा आहे, कामाचा नाही. हे अंतर किती पडू शकते ते सिंचनाने दाखवले. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एकूण पिकाखालच्या क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के दिसले. दशकभर हजारो कोटी खर्चून ०.१ टक्का. त्यावर जे रण माजले ते सर्वांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि तिच्यात सिंचनवाढीचे वेगळे, जास्त आकडे होते. दोन सरकारी कागद आणि त्यांत दोन वेगळी उत्तरे. संशोधकाला यातून मिळतो तो धडा म्हणजे 'निर्मित क्षमता' आणि 'प्रत्यक्ष भिजलेले शेत' हे दोन निराळे स्तंभ आहेत, आणि वाद बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या जागेत असतो.

याचा दुसरा पुरावा पश्चिम विदर्भात आहे. १९९४ चा पैशातला अनुशेष सरकारदरबारी बहुतांशी भरून निघाल्याचे धरले गेले. पण अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष हेक्टरांत शिल्लकच राहिला. तिजोरीच्या वहीत बाकी शून्य झाली तरी शेताला पाणी नाही. असे का? कारण १९९४ च्या दराने दिलेल्या पैशात २००५ साली तेवढे धरण बांधून होत नाही. भूसंपादन रखडले, कंत्राटाची किंमत सुधारली, पुन्हा सुधारली. 'सुधारित प्रशासकीय मान्यता' हे शब्द ज्यांनी फायलींत वाचले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

केळकर समितीने वेगळे काय सांगितले?

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. तो विधिमंडळात मांडला गेला डिसेंबर २०१४ मध्ये. समितीने निव्वळ अनुशेषाच्या पलीकडे जाऊन माणसांच्या राहणीमानाकडे पाहिले. पाणी, आदिवासी भाग, शहरीकरण, कारभाराची घडी असे विषय एकत्र घेतले. दांडेकरांचा प्रश्न होता, तुमच्याकडे किती कमी आहे? केळकरांचा कल होता, तुम्ही पुढे कशाच्या बळावर जाल?

अहवाल जाड आहे आणि चांगला आहे. जाड व चांगल्या अहवालांचे आपल्याकडे जे होते ते त्याचेही झाले.

विकास मंडळे आता काम करतात का?

त्यांची मुदत वेळोवेळी वाढवली जात होती. ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली आणि तेव्हा वाढ मिळाली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळांच्या निमित्ताने राज्यपालांकडे निधीवाटपाबाबत निर्देश देण्याचे अधिकार होते, हा त्यातला खरा दात. मंडळ नसले तर अभ्यास थांबतो हे खरेच, पण तो दातही बोथट होतो.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, ही विभागणी आज तरी बरोबर आहे का?

घटनेसाठी बरोबर, विश्लेषणासाठी अपुरी. 'उर्वरित महाराष्ट्र' नावाच्या पेटीत मुंबई आहे आणि नंदुरबारही. दरडोई उत्पन्नाच्या यादीत मुंबई वरच्या टोकाला असते आणि नंदुरबार तळाशी, गडचिरोली-वाशीमच्या पंगतीत. या दोघांची सरासरी काढून काय हाती लागणार? एक पाय बर्फात आणि एक पाय निखाऱ्यावर ठेवलेल्या माणसाला सरासरीने बरे वाटत असेल, असे म्हणण्यासारखे. विदर्भातही नागपूर आणि गडचिरोली एका मापाने मोजता येत नाहीत. सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडचे माण, खटाव, जत हे तालुके पावसाच्या बाबतीत मराठवाड्याचे सख्खे भाऊ आहेत, पण निधीच्या बाबतीत श्रीमंतांच्या घरचे.

तालुका हा घटक घ्यावा असे मला वाटते. औद्योगिक धोरणात तो आहेच. १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांना अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी देऊन मागास तालुक्यांत उद्योग काढणाऱ्यांना जास्त सवलती दिल्या जातात. अर्थसंकल्पाच्या वाटपात मात्र आपण अजून तीन पेट्या घेऊनच बसलो आहोत.

जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न जास्त म्हणजे तिथले लोक सुखवस्तू का?

तसे नाही. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे त्या हद्दीत तयार झालेले उत्पादन. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आहेत, महाऔष्णिक वीज केंद्र आहे. रायगडात बंदर आहे, कारखाने आहेत. तिथे तयार झालेल्या मूल्याचा नफा ज्याच्या खात्यात जातो तो माणूस किंवा कंपनी त्या जिल्ह्यात असेलच असे नाही. चंद्रपूरच्या वाट्याला राख येते आणि वीज सगळ्यांना मिळते. याउलट साताऱ्याच्या एखाद्या गावात मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीवर पिढ्या जगल्या, कोकणात तर गावेच्या गावे. ती रक्कम त्या जिल्ह्याच्या उत्पादनात धरलीच जात नाही.

शिवाय जिल्हापातळीवरचे आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय अप्रत्यक्ष निर्देशकांच्या आधारे राज्याचा आकडा वाटून काढते. ते दिशा दाखवतात. दोन शेजारच्या जिल्ह्यांत दोन-चार टक्क्यांचा फरक दिसला म्हणून त्यावर मोर्चा काढू नये.

महागाईचा दर तर एकच जाहीर होतो. ती सगळीकडे सारखी असते का?

अजिबात नाही. २०१२ या पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, ग्रामीण भागात ५४.१८ टक्के होता आणि शहरी भागात ३६.२९ टक्के. डाळ-भाजी महागली की ग्रामीण निर्देशांक जास्त उसळायचा. शहरी निर्देशांकात घरभाड्याचा भार २१.६७ टक्के होता, तर ग्रामीण निर्देशांकात घरभाडे धरलेलेच नव्हते. एकाच राष्ट्रीय दरात हे दोन्ही कालवले जात.

राज्यवार आकडे मिळतात, जिल्हावार ग्राहक निर्देशांक मिळत नाही. मुंबई आणि मेळघाट एकाच 'महाराष्ट्र' आकड्यात बसतात. कामगारांच्या निर्देशांकासाठी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा केंद्रांचे वेगळे आकडे निघतात, पण ते कामगार कुटुंबांचे. हिंगोलीच्या शेतमजुराचे नव्हेत.

उदाहरण म्हणून परभणी घ्या. राज्यात पेट्रोल कुठे महाग, अशी बातमी आली की परभणीचे नाव हमखास असते. कर सगळीकडे सारखा असला तरी मनमाडसारख्या दूरच्या डेपोतून टँकर येणार, त्याचे भाडे दरात चढणार. इंधन महाग म्हणून भाजीची गाडी महाग, आणि उत्पन्न कमी असलेल्या जिल्ह्यात जगणे वर आणखी महाग. आमच्याकडे याला 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात. दरडोई उत्पन्नाची तुलना करताना हा फरक कुणी धरत नाही.

महागाईचा दर उतरला असे बातमीत सांगतात, पण दुकानात भाव तेच कसे?

दर उतरला म्हणजे वाढण्याचा वेग कमी झाला. भाव खाली यायला दर शून्याच्या खाली जावा लागतो. एवढेच.

कांद्याचे भाव पाडले की महागाई आटोक्यात येते. मग शेतकरी का चिडतो?

कारण पुण्याच्या गृहिणीचा वाचलेला पैसा नाशिकच्या शेतकऱ्याच्या खिशातून आलेला असतो. महागाईविरोधी धोरण हे इथे उघडउघड प्रादेशिक धोरण होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. या काळात लासलगावच्या बाजार समितीत लिलाव बंद पडण्याच्या बातम्या वारंवार आल्या. २०१२ च्या मालिकेत कांद्याचा भार होता किती? ०.६४ टक्के. पण कांदा, बटाटा, टोमॅटोचे भाव असे उड्या मारतात की भार लहान असूनही निर्देशांकाला हिसका देतात.

शहरी ग्राहकाला साठ रुपयांचा कांदा सहन होत नाही आणि सरकारला त्याच्या रागाची धास्ती असते, हे मी समजू शकतो. मात्र भाव कोसळतात तेव्हा एवढ्याच तत्परतेने कुणी परिपत्रक काढत नाही. हा एकतर्फीपणा नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरच्या उत्पन्नातून वसूल होतो आणि राज्याच्या कुठल्याही अनुशेषात त्याची नोंद होत नाही.

महागाई रोखणे रिझर्व्ह बँकेचे काम. राज्य सरकार काही करू शकते का?

२०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेपुढे ४ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले गेले, २ ते ६ टक्क्यांच्या मर्यादेत. सहा सदस्यांची समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ठरवते. तो दर सगळ्या देशाला एकच. मुंबईत घरांच्या कर्जांना उकळी फुटली म्हणून दर वाढला तर जालन्याच्या लघुउद्योजकाचेही कर्ज महागते.

राज्याच्या हातात पूर्वी विक्रीकराचे बरेच दोर होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक दोर त्या कराच्या परिषदेकडे, म्हणजे केंद्र व राज्यांच्या मंडळाकडे, गेले. उरले ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, वाहन कर. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई परिसरातला इंधनावरचा कर कमी करून राज्यभर सारखा केला, तो या उरलेल्या दोरांपैकी एक. याशिवाय एसटीचे भाडे, रेशन, गोदामे, बाजार समित्यांचे नियम. साठवणीच्या चाळीतला कांदा सडू न देणे आणि तूर साठवायला जागा असणे, हे महागाई रोखण्याचे कमी गाजणारे पण टिकणारे उपाय आहेत.

महागाईने सरकारचा फायदा होतो असे म्हणतात. खरे आहे का?

अर्धे. टक्क्यांत लावलेला कर भावाबरोबर आपोआप वाढतो, आणि जुने कर्ज स्वस्त झालेल्या रुपयांत फिटते. पण आकड्यात बांधलेला कर तिथेच गोठतो. पेट्रोलवर राज्य २५ टक्के कर घेते, तो किमतीबरोबर हलतो. त्यावरचे लिटरमागे ५ रुपये १२ पैसे हलत नाहीत. व्यवसाय कराची कथा वर सांगितलीच. दुसरीकडे महागाई भत्ता वाढला की पगार व निवृत्तिवेतनाचे बिल फुगते, आणि ते थांबवता येत नाही. मग हात जातो तो भांडवली कामांकडे. अर्धवट राहिलेला कालवा उठून आंदोलन करत नाही.

लाडकी बहीण योजनेमुळे महागाई वाढते का? आणि विकासकामांचे काय?

जुलै २०२४ पासून पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. वर्षाला १८,००० रुपये माणशी धरले तर ही रक्कम बरोबर दोन कोटी महिलांना पुरते.

महागाईचा मुद्दा मला फार पटत नाही. देशाच्या बाजारपेठेपुढे ही रक्कम लहान आहे आणि धान्याचे भाव नंदुरबारच्या मागणीवर ठरत नाहीत. उलट एक चांगली गोष्ट बोलली जात नाही: सर्वांना सारखी रक्कम देणारी योजना गरीब जिल्ह्यांकडे आपोआप झुकते. पुण्यात १,५०० रुपये म्हणजे एका रविवारचा खर्च, नंदुरबारच्या धडगावात महिन्याचा किराणा. तीन पेट्यांच्या भांडणाशिवाय पैसा तळापर्यंत गेला.

माझी काळजी वेगळी आहे. २०२५-२६ साठी अंदाजित महसुली तूट ४५,८९१ कोटी होती आणि राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भागवायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटी. राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत होती, त्यामुळे नियमभंग नाही. पण महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज. घर बांधायला काढलेले कर्ज आणि किराण्यासाठी काढलेले कर्ज यांतला फरक घरात सर्वांना कळतो. आणि हो, हे १,५०० रुपयेही रुपयांत बांधलेले आहेत. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी.

मुंबई एवढा कर देते, मग केंद्राकडून महाराष्ट्राला कमी का मिळते?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांना वाटायच्या करांत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठेवला. उत्तर प्रदेशचा १७.९३९, बिहारचा १०.०५८. सूत्रात सर्वाधिक म्हणजे ४५ टक्के भार होता 'उत्पन्नातील अंतरा'ला. जो गरीब त्याला जास्त.

यावर आपल्याकडे संताप होतो, आणि तो करताना एक गंमत होते. दिल्लीत आपण म्हणतो, आम्ही कमावतो तर आम्हाला द्या. नागपूरच्या अधिवेशनात विदर्भ-मराठवाडा म्हणतात, आम्ही मागे आहोत तर आम्हाला द्या. पहिला युक्तिवाद खरा मानला तर राज्याचा सगळा निधी मुंबई-पुण्यातच खर्च व्हायला हवा. दुसरा खरा मानला तर बिहारबद्दल तक्रार करता येत नाही. केंद्राची योजना-मदत राज्यांत वाटण्याच्या १९६९ च्या गाडगीळ सूत्रात लोकसंख्येला ६० टक्के भार देऊन दरडोई उत्पन्न, करप्रयत्न अशा बाबींना १०-१० टक्के दिले होते, ते या पेचातूनच. प्रमाण किती असावे यावर भांडा, जरूर भांडा. दोन्हीकडे एकच माप घेऊन भांडा.

अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा आला, असे समजायचे का?

तरतूद, वितरण आणि खर्च या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पैसा गळतो. भ्रष्टाचार बाजूला ठेवा, मी नुसत्या वेळेबद्दल बोलतो आहे. मार्चमध्ये तरतूद होते, पावसाळ्यात कामे होत नाहीत, डिसेंबरात पुरवणी मागण्या येतात, फेब्रुवारीत निधी सुटतो आणि मार्चअखेरीस बिले काढण्यासाठी कोषागारात रात्री दिवे जळतात. ज्या जिल्ह्यात अभियंत्यांची पदे रिकामी, तिथे पैसा वेळेत खर्चच होत नाही. तो परत जातो किंवा दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळतो. मागास जिल्ह्यात पदे जास्त रिकामी, कारण तिथे बदली कुणालाच नको. म्हणून मी निधीच्या भांडणापेक्षा रिक्त पदांची यादी आधी मागतो.

हे आकडे मला स्वतःला कुठे पाहता येतील?

'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, मराठीत असते आणि फुकट उतरवून घेता येते. वाचताना दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. आधी आपल्या जिल्ह्याचे आरोग्य, रस्ते, पाणी यांचे तक्ते पाहा आणि मग त्यांच्या तळटिपा. 'चालू किमतींनुसार' की 'स्थिर किमतींनुसार' ते तिथे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यानंतर गेल्या पाच वर्षांच्या पाहण्या शेजारी ठेवा. एखादा तक्ता मधूनच गायब झालेला दिसला तर तारीख लिहून ठेवा आणि तेवढ्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, २००५ पासून तेवढेच. रुपयात बांधलेली एवढी एक गोष्ट मात्र शिळी झाली तरी चालेल.